दुसऱ्याच्या स्क्रीनकडे बघताना

रोज हाताखाली असलेली निम्मी साधनं मी कुठल्या पुस्तकातून शिकलेले नाही. शेजारी बसून कुणीतरी काम करत होतं, त्याची बोटं भराभर चालली होती, आणि मध्येच मी म्हटलं, "थांब, हे आत्ता काय केलंस?" टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) कंट्रोल आणि आर एकदम दाबलं की आधी दिलेल्या कमांडमध्ये शोध घेता येतो, हे मला असंच कळलं. डिबगरमधला (चुका शोधायच्या साधनातला) ब्रेकपॉइंट, थांबायची खूण, अट घालून लावता येतो, म्हणजे लूप हजार वेळा फिरला तरी प्रोग्रॅम फक्त आपल्याला हव्या त्या फेरीत थांबतो, हेही असंच.

यातली कुठलीच गोष्ट लपवलेली नव्हती. सगळं मॅन्युअलमध्ये व्यवस्थित लिहिलेलं होतं आणि आजही आहे. पण एखादी सोय अस्तित्वात आहे हेच ठाऊक नसेल तर माणूस ती शोधायला जाणार कसा? शोधायला आधी प्रश्न पडावा लागतो. रखडत का होईना, पण काम पुढे सरकत असलं की प्रश्न पडत नाही. वर्षानुवर्षं लांबच्या वाटेनं जाणारे फार हुशार प्रोग्रॅमर मी पाहिलेत, आणि कारण एवढंच की जवळची वाट कुणी त्यांच्या डोळ्यांदेखत चालून दाखवली नव्हती.

म्हणून डेव्हलपर मंडळी स्वतःहून भरवतात त्या कार्यशाळा, मीटअप आणि सरावसत्रं यांच्याबद्दल मला मनापासून आस्था आहे. तिथे सांगितलेली माहिती बहुतेक वेळा आधीच कुठेतरी लिहिलेली असते. तिथे जे मिळतं ते म्हणजे काम करणारा माणूस, काम करताना.

ही प्रथा आपल्याला वाटते त्यापेक्षा जुनी आहे. १९५५ साली लॉस एंजेलिस परिसरात आयबीएम ७०४ हे यंत्र घेणाऱ्या कंपन्यांमधले लोक एकत्र आले आणि त्यांनी 'शेअर' नावाचा वापरकर्त्यांचा गट काढला. त्यात विमानउद्योगातली मंडळी बरीच होती. बाजारात या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक होत्या. पण यंत्र नवं, सोबत तयार प्रोग्रॅम जवळजवळ नाहीत, आणि प्रत्येकानं तीच ती रुटिन्स पुन्हा लिहीत बसायचं म्हणजे सगळ्यांचाच वेळ वाया. मग त्यांनी आपापला कोड एकमेकांना द्यायला सुरुवात केली. वीस वर्षांनी, मार्च १९७५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमधल्या एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक भरली. तिथे मध्यभागी होता तो अल्टेअर ८८०० हा छोटा संगणक. दोन्हीकडे लोकांना बघायचं होतं, दुसऱ्यानं हे यंत्र कसं चालवलं ते.

पण नुसतं माणसं जमवून भागत नाही. मी अशा कितीतरी सत्रांना बसले आहे जिथे वक्ता दीड तास स्लाइड दाखवतो, शेवटी टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्याही कामात तसूभर फरक पडत नाही. विषय चांगला असतो, वक्ता जाणकार असतो. फक्त ऐकणाऱ्यांचे हात दीड तास मांडीवर असतात.

याचा सगळ्यात नेटका विचार मला सॉफ्टवेअर कार्पेंट्रीच्या पद्धतीत दिसला. १९९८ मध्ये ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी अमेरिकेतल्या लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांना प्रोग्रॅमिंगच्या रोजच्या कामाच्या सवयी शिकवायला सुरुवात केली. शेल (कमांडनं यंत्र चालवणं), व्हर्जन कंट्रोल (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणं), टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारा कोड) लिहिणं, कोड नीट लिहिणं, असलं. पुढे हा उपक्रम स्वयंसेवकांच्या जोरावर जगभर गेला, आणि २०१८ मध्ये डेटा कार्पेंट्रीशी एकत्र येऊन 'द कार्पेंट्रीज' झाला. त्यांच्या कार्यशाळेत शिकवणारा स्लाइड जवळजवळ दाखवतच नाही. रिकाम्या स्क्रीनवर तो एकेक ओळ टाइप करतो आणि सगळा वर्ग त्याच्याबरोबर टाइप करतो. टाइप करायचं म्हटलं की वेग आपोआप माणसाच्या आवाक्यात येतो. आणि टाइप करताना शिकवणाऱ्याच्याही हातून चुका होतातच. कंस राहतो, फाइलचं नाव चुकतं, एरर येते. मग तो ती एरर वाचतो, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. नवशिक्याच्या दृष्टीनं त्या सत्रातला सर्वांत मोलाचा भाग हाच, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी त्यांची युक्ती म्हणजे दोन रंगांचे चिकट कागद. प्रत्येकाला दोन्ही रंगांचा एकेक. एक रंग लॅपटॉपच्या झाकणावर लावला की अर्थ 'माझं झालं', दुसरा लावला की 'मी अडकलोय, मदत हवी'. ऐकताना हे पोरकट वाटतं. पण हात वर करायला लाजणारी माणसं कागद मात्र लावतात. शिवाय हात वर धरून टाइप करता येत नाही; कागद लावून पुढे प्रयत्न करता येतो, आणि तोवर मदतनीस शेजारी येऊन उभा राहतो. शिकवणाऱ्याला मान वर केली की रंग दिसतात, आणि पुढे जायचं की थांबायचं हे कळतं. "समजलं का सगळ्यांना?" या प्रश्नाला मिळणाऱ्या होकारापेक्षा हे कितीतरी खरं असतं.

आता सेटअपबद्दल, कारण माझ्या मते निम्म्या कार्यशाळा तिथेच बुडतात. ठरलेली वेळ झालेली असते, लोक आलेले असतात, आणि पहिला तास नुसत्या इन्स्टॉलेशनमध्ये जातो. एकाकडे पायथन या भाषेच्या दोन आवृत्त्या आहेत आणि टर्मिनल भलतीच उचलतंय. दुसरीच्या यूझरनेममध्ये स्पेस आहे, त्यामुळे एका स्क्रिप्टला फोल्डरचा पत्ताच समजत नाही. तिसऱ्याचा लॅपटॉप ऑफिसचा, त्यावर काही टाकायला ॲडमिनची परवानगी लागते. आणि सगळे एकदम तीच मोठी फाइल डाउनलोड करायला लागल्यामुळे नेटवर्क आडवं पडलेलं. ज्यांचं झालं ते कंटाळून फोन बघतात. ज्यांचं होत नाही त्यांना वाटतं की हे क्षेत्र आपल्यासाठी नाही. हे दुसरं मला फार लागतं, कारण ज्या गोष्टीत ते अडकलेत तिचा प्रोग्रॅमिंगच्या कौशल्याशी काडीचा संबंध नसतो.

यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. आदल्या दिवशी वेगळा सेटअपचा तास ठेवावा, ऐच्छिक, पण मदतनीस हजर असलेला. लागणाऱ्या सगळ्या फाइल पेनड्राइव्हवर ठेवाव्यात. आणि एक छोटी तपासणीची स्क्रिप्ट आधीच पाठवावी: ती चालवली की काय बसलंय, कुठली आवृत्ती आहे, काय कमी आहे ते सरळ वाक्यात सांगणारी. अशी स्क्रिप्ट लिहायला आयोजकाला एक संध्याकाळ लागते आणि ती पूर्ण वर्गाचा एक तास वाचवते.

हल्ली यावर ब्राउझरमध्ये चालणारं तयार वातावरण देण्याची पद्धत आहे. लिंक उघडा, कोड लिहायला लागा. सुरुवातीच्या तासासाठी मला ते पटतं. पूर्ण कार्यशाळेसाठी पटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस स्वतःच्या यंत्रासमोर बसतो आणि तिथे ते वातावरण नसतं. शिकलेलं सगळं त्या लिंकच्या आत राहून जातं. म्हणून शेवटचा भाग तरी ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर झाला पाहिजे, कितीही वेळ खाल्ला तरी.

साधनं शिकवण्याबद्दलही मला एक गोष्ट वाटते. साधनांची यादी देऊन उपयोग नसतो. 'प्रत्येक डेव्हलपरला माहीत असावीत अशी पंचवीस साधनं' अशा सत्रातून माणूस पंचवीस नावं घेऊन बाहेर पडतो. त्याऐवजी एकच साधन घ्यावं आणि एक खरीखुरी अडचण घ्यावी.

गिटमधलं बायसेक्ट घ्या. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, अशी प्रत्येक नोंद म्हणजे कमिट, आणि कुठल्या कमिटनं काम मोडलं ते शोधणारी कमांड म्हणजे बायसेक्ट. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये लिनक्स कर्नेलच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कामासाठी गिट लिहायला घेतलं, आणि आज ते बहुतेकांच्या हातात आहे. पण बहुतेकांचा वापर कमिट, पुश, पुल, मर्ज इथवर थांबतो. बायसेक्ट आहे हे पुष्कळांना ऐकून ठाऊक असतं. चालवलेलं मात्र नसतं. मी ते असं दाखवते. एक रिपॉझिटरी (कोड आणि त्याचा इतिहास) तयार ठेवलेली असते, तिच्यात सुमारे हजार कमिट. आज एक टेस्ट नापास होते आहे, आणि अगदी पहिल्या कमिटला ती पास होत होती. मधे कुणीतरी कुठेतरी काहीतरी मोडलंय. मी वर्गाला विचारते, कसं शोधाल? कुणी लॉग वाचायला लागतं, कुणी अंदाजानं फाइल उघडतं. त्यांना तसं करू द्यायचं, दहा मिनिटं तरी. अडचण अंगाला लागल्याशिवाय साधनाची किंमत कळत नाही.

मग सांगायचं: बायसेक्ट सुरू करा, आताचं कमिट वाईट म्हणा, पहिलं चांगलं म्हणा. गिट बरोबर मधल्या कमिटवर नेऊन उभं करतं. टेस्ट चालवा. पास झाली? चांगलं म्हणा. गिट उरलेल्या अर्ध्याच्या मधे नेतं. पुन्हा चालवा. नापास? वाईट म्हणा. तिसऱ्या-चौथ्या फेरीला खोलीत कुजबुज सुरू होते, कारण हजाराचे पाचशे, अडीचशे, सव्वाशे होताना लोकांना दिसत असतं. दहाव्या फेरीच्या आसपास गिट एका कमिटवर बोट ठेवतं आणि म्हणतं, पहिलं वाईट कमिट हे. ते उघडून बघितलं की बदल जेमतेम दोन ओळींचा असतो. बायनरी सर्च (दर वेळी निम्मे पर्याय बाद करत शोधणं) सगळ्यांनी अभ्यासक्रमात शिकलेला असतो, परीक्षेत लिहिलेला असतो. तो रोजच्या कामात असा उपयोगी पडताना बघणं वेगळं.

आणि तिथेच न थांबता बायसेक्ट रन दाखवायचं. टेस्टची स्क्रिप्ट एकदा दिली की गिट सगळ्या फेऱ्या स्वतः करतं. स्क्रिप्टनं ० परत दिलं तर कमिट चांगलं, १ दिलं तर वाईट, आणि १२५ दिलं तर 'हे कमिट तपासताच येत नाही, सोडून दे'. हे १२५ मला विशेष आवडतं. मधली काही कमिट बिल्डच होत नाहीत, ही प्रत्यक्षातली कटकट साधन बनवणाऱ्यांनी ओळखून तिच्यासाठी जागा ठेवलेली आहे. अनुभवी लोकांच्या माना इथे हलतात, कारण ही कटकट त्यांनी भोगलेली असते. याच ओघात एक गोष्ट आपसूक पोहोचते: छोटी कमिट का करायची. एका कमिटमध्ये चाळीस फाइल बदलल्या असतील तर बायसेक्ट त्या कमिटपर्यंत पोहोचवेल, पुढे मात्र तुम्हीच. मी हे उपदेश म्हणून सांगितलं असतं तर कुणी मनावर घेतलं नसतं.

रिफ्लॉगचंही असंच, म्हणजे आपण कुठल्या कमिटवर होतो याची गिटनं ठेवलेली नोंद दाखवणाऱ्या कमांडचं. हार्ड रिसेट (कोड जुन्या कमिटवर नेणारी कमांड) मारून काम गेलं असं समजून चेहरा पांढरा पडलेल्या माणसाला रिफ्लॉगमध्ये त्याचं कमिट परत दाखवलं की ती कमांड तो जन्मात विसरत नाही. कमिट केलेलं असेल तरच, हे सांगायला मात्र विसरू नये.

पाच मिनिटांच्या छोट्या भाषणांचा प्रकार मला यासाठीच आवडतो. एक माणूस, एक युक्ती, वेळ संपली की खाली. अशाच एका सत्रात मी पहिल्यांदा पाहिलं की ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कच्या टॅबवर जाऊन कुठल्याही रिक्वेस्टवर उजवी क्लिक केली की ती कर्लच्या (टर्मिनलमधून वेब रिक्वेस्ट पाठवणाऱ्या साधनाच्या) कमांडच्या रूपात कॉपी करता येते. 'ब्राउझरमधून चालतं, माझ्या प्रोग्रॅममधून चालत नाही' ही तक्रार कुणी केलेली नाही? ती कमांड टर्मिनलमध्ये टाकायची, चालते का बघायचं, मग एकेक हेडर (रिक्वेस्टबरोबर जाणारी जादा माहिती) काढत जायचं. ज्या हेडरवर बिघडेल तोच तुमच्या प्रोग्रॅममध्ये नसतो. तास दोन तासांचं डोकं फोडणं पाच-दहा मिनिटांवर येतं. त्या कमांडमध्ये तुमच्या लॉगिनच्या कुकी आणि टोकनसुद्धा येतात, तेव्हा ती कुठल्याही ग्रुपवर तशीच चिकटवू नका. हे त्या वक्त्यानं आवर्जून सांगितलं होतं आणि मीही दर वेळी सांगते. पाच मिनिटांत काय होणार असं वाटत असेल तर एक उदाहरण पुरे: डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामानासकट एका डब्यात चालवणारं साधन, जगापुढे पहिल्यांदा आलं ते मार्च २०१३ मध्ये, पायकॉन या पायथनच्या परिषदेतल्या अशाच एका छोट्या भाषणात.

कोडरिट्रीट हा प्रकार मात्र वेगळ्या जातीचा आहे. २००९ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोडमॅश परिषदेच्या निमित्तानं त्याची कल्पना निघाली. दिवसभर जोडीजोडीनं एकच कोडं सोडवायचं, जॉन कॉनवे यांचा गेम ऑफ लाइफ, म्हणजे चौकटींच्या जाळ्यावरचा खेळ, ज्यात प्रत्येक चौकट ही एक पेशी. नियम मोजून चार ओळींचे: जिवंत पेशीला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर ती टिकते, नाहीतर मरते, मेलेल्या पेशीला नेमके तीन असतील तर ती जिवंत होते. एक फेरी पंचेचाळीस मिनिटांची. ती संपली की लिहिलेला सगळा कोड पुसून टाकायचा. खरोखर पुसायचा. मग नवा जोडीदार, कोरी फाइल, तेच कोडं.

पहिल्यांदा पुसताना जीव जड होतो. टेस्ट हिरव्या (पास) व्हायला लागलेल्या असतात, अजून दहा मिनिटं मिळाली असती तर झालंच असतं असं वाटतं. पण तिसऱ्या फेरीपर्यंत 'पूर्ण करायचंय' ही घाई अंगातून उतरते. मग माणूस नावं काय द्यावीत यावर पाच मिनिटं घालवू शकतो. पेशीला स्वतःची जागा माहीत असावी की नसावी यावर वाद घालू शकतो. कामाच्या ठिकाणी एवढी मोकळीक कुणाला मिळते? पुढच्या फेऱ्यांना अटी येतात: इफ वापरायचा नाही, माउसला हात लावायचा नाही, एकानं टेस्ट लिहायची आणि दुसऱ्यानं ती पास करायची, तेही एकमेकांशी न बोलता. माउसबंदीच्या त्या फेरीत एडिटरचे जितके शॉर्टकट लोक शिकतात तितके एरवी वर्षभरात शिकत नसतील. जोडीदार बदलत राहतो, त्यामुळे दिवसाअखेर तुम्ही पाच-सहा जणांच्या कामाच्या पद्धती जवळून बघितलेल्या असतात. एखादा, एरर आली की, आधी तळाची ओळ वाचतो, एखादी आधी स्वतःच्या फाइलचं नाव कुठे आलंय ते शोधते. पायथनच्या ट्रेसबॅकमध्ये (एरर आली की छापल्या जाणाऱ्या कॉलच्या यादीत) शेवटचा कॉल सर्वांत खाली असतो आणि जावामध्ये सर्वांत वर, त्यामुळे भाषा बदलली की नजरही बदलावी लागते. हे मला एका जोडीदाराच्या स्क्रोल करण्याच्या ढबीवरून उमगलं.

जोडीनं बसण्यात एकच धोका, आणि तो मदत करणाऱ्याकडून येतो. समोरचा अडकला की अनुभवी माणसाचा हात नकळत कीबोर्डकडे जातो. "दे इकडे, मी करून दाखवतो." दहा सेकंदांत काम होतं, समोरचा "अच्छा अच्छा" म्हणतो, आणि त्याला काही कळलेलं नसतं. म्हणून माझ्या सत्रांत मदतनिसांना मी एकच नियम घालते: शिकणाऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. सांगा, विचारा, स्क्रीनवर बोट दाखवा, पण टाइप त्यानंच करायचं. पोहायला शिकवणारा स्वतः हात मारून दाखवेल, पण शिकणाऱ्याच्या वतीनं पोहू शकत नाही. हा नियम पाळणं अनुभवी माणसाला फार जड जातं. कॉमा कुठे राहिला ते दिसत असतं आणि गप्प बसायचं असतं. मी तेव्हा विचारते, "एरर काय म्हणतेय? वाचून दाखव." निम्म्या वेळा वाचता वाचताच उत्तर सापडतं, आणि ते त्याचं स्वतःचं असतं.

२०१४ मध्ये बर्लिनला युरोपायथन परिषदेच्या वेळी जँगो गर्ल्स या बायकांना वेब प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या उपक्रमाची पहिली कार्यशाळा झाली तेव्हापासून त्यांनी छोट्या गटाला एक मार्गदर्शक ही रचना ठेवली आहे. कोड न लिहिलेल्या बाया सकाळी येतात आणि संध्याकाळी स्वतःचा ब्लॉग इंटरनेटवर चढवून जातात. गट छोटा असला की मार्गदर्शकाला थांबायला सवड मिळते. एकाच्या अंगावर पंधरा जण दिले तर तो बिचारा कीबोर्ड ओढणारच. तिथे दोष त्याचा नसून आयोजनाचा असतो.

आता बरेच जण विचारतात की एआय सहायक हाताशी असताना या सगळ्याची गरज काय. मी स्वतः ते वापरते, आणि एरर समजून घ्यायला त्यांची मदत होते हे खरं आहे. पण सुरुवातीला म्हटलं तीच अडचण इथेही उरते: विचारायला आधी प्रश्न लागतो. मी वरचा बाण दाबत कमांड शोधत असते तेव्हा शेजारची मैत्रीण न विचारता म्हणते, "अगं, कंट्रोल आर दाब की." तिनं माझ्या स्क्रीनकडे पाहिलेलं असतं. आणखी एक बदल मला दिसतो. सहायकानं दिलेला कोड बरोबर आहे की नाही हे ठरवण्याचं काम वाढलंय, आणि ते टेस्ट, डिबगर, डिफ (कोडमध्ये काय बदललं ते) वाचणं यांवरच उभं आहे. तेव्हा ही साधनं शिकवणाऱ्या सत्रांची गरज मला पूर्वीपेक्षा जास्तच वाटते.

ऑनलाइन सत्रांनी लांबच्या, घरातून बाहेर पडू न शकणाऱ्या माणसांसाठी दार उघडलं, याचा मला आनंद आहे. पण तिथे शिकणाऱ्याची स्क्रीन दिसत नाही. दिसते ती शिकवणाऱ्याची. मोठा गट फोडून तिघातिघांच्या खोल्या करायच्या आणि प्रत्येक खोलीत शिकणाऱ्यानं स्क्रीन शेअर करायची, एवढ्यानं बराच फरक पडतो.

मदतनीस कुठून आणायचे, हा प्रत्येक आयोजकाचा प्रश्न असतो. बहुतेक जण सर्वांत अनुभवी लोकांना आधी गाठतात. मी गेल्या कार्यशाळेत शिकायला आलेल्यांना आधी विचारते. वीस वर्षं गिट वापरणाऱ्याला स्टेजिंग एरिया (कमिटमध्ये जाणारे बदल आधी ठेवायची जागा) कधीकाळी आपल्यालाही कळत नव्हता हे आठवत नाही. सहा महिन्यांपूर्वी शिकलेल्याला ते लख्ख आठवत असतं. कुठे अडकलो, कुठल्या वाक्यानं सुटलो, सगळं. बहुतेक जण आधी "मला कुठे येतंय एवढं" म्हणतात. मग मी त्यांना पहिल्या वेळी फक्त सेटअपच्या तासाला बोलावते. तिथे आलेल्या लोकांना त्याच दोन पायथनच्या भानगडीतून बाहेर काढलं की पुढच्या सत्राला ते स्वतःहून नाव देतात.